एका क्रियापदाची वारसचौकशी

परकीय भाषेची पाठ्यपुस्तके लिहिणारे लोक स्वभावतःच अत्यंत उद्यमशील असले पाहिजेत, अशी माझी पुष्कळ दिवसांची समजूत आहे. कारण ज्या काल्पनिक कुटुंबाच्या द्वारा ते आपल्याला ती भाषा शिकवू पाहतात, त्या कुटुंबातला प्रत्येक इसम पहिल्या धड्यापासून भल्या पहाटे उठतो, थंड पाण्याने तोंड धुतो, वर्तमानपत्र वाचतो, वेळेवर कचेरी गाठतो, सायंकाळी बाजारातून पाव आणि लोणी आणतो, आणि शेवटच्या धड्यात दिवा मालवेपर्यंत 'आज राहू दे, उद्या बघू' हा मानवजातीचा अत्यंत स्वाभाविक उद्गार त्याच्या मुखातून एकदाही बाहेर पडत नाही. अशा पुस्तकांवर पोसलेला विद्यार्थी प्रत्यक्ष त्या देशात जाऊन पोचला म्हणजे त्याच्या कानावर जे पडते ते निराळेच असते. आणि तो देश डेन्मार्क असला, तर एखाद्या आईने मुलाला काही काम सांगावे आणि मुलाने मान वर न करता उत्तर द्यावे, एवढा प्रसंग घडण्याचाच अवकाश, त्या उत्तरात त्याला जे क्रियापद हटकून ऐकू येते, ते 'गीदे'.

'गीदे' हे क्रियापद खरे, परंतु त्याचा मुख्य उपयोग क्रिया न करण्याच्या कामी होतो. एखादे काम करण्याचे सामर्थ्य अंगी असणे ही एक गोष्ट झाली, ते व्हावे अशी इच्छा असणे ही दुसरी, आणि त्या दोहोंचा संयोग होऊन मनुष्य खुर्चीतून प्रत्यक्ष उठणे ही तिसरी. यांपैकी दुसरी आणि तिसरी यांच्या मधोमध जी अरुंद पण संसाराच्या दृष्टीने फार मोक्याची जागा आहे, तिचा संपूर्ण कबजा डॅनिश लोकांनी या एका शब्दाला देऊन टाकला आहे. 'याय गीदर इगे' असे डॅनिश मनुष्य म्हणतो, तेव्हा तो आजारी नसतो, त्याला सवड नसते असेही नाही, आणि ते काम त्याला येत नाही असे तर मुळीच नाही. काम, कर्ता आणि वेळ ही तिन्ही हजर असून केवळ उमेद गैरहजर आहे, एवढेच तो निवेदन करतो, आणि विशेष हे की त्या निवेदनाला त्याला कोणतीही सबब जोडावी लागत नाही. आपल्याकडे हेच सांगायचे म्हटले तर डोके दुखवावे लागते, पाहुणे आणावे लागतात, निदानपक्षी एखाद्या दूरच्या आप्ताला अत्यवस्थ करावे लागते.

या शब्दाचा उच्चारही त्याच्या अर्थाला साजेसाच आहे. मधले जे 'द'कारासारखे व्यंजन मी लिहिले आहे, ते उच्चारताना डॅनिश जिव्हा वर उचलण्याचा संकल्प करते आणि तो संकल्प अर्ध्यावरच सोडून देते. दातांपर्यंत जाऊन ठाम आघात करावा, एवढी उमेद तिला राहत नाही. शब्दाचा शेवट तर बोलण्याच्या ओघात बहुधा गिळलाच जातो. नकाराच्या सोबतीवाचून हे क्रियापद क्वचितच बाहेर पडते. फार तर प्रश्नार्थक वाक्यात ते एकटे दिसते, आणि तिथेही उत्तर काय येणार ते विचारणाऱ्याला ठाऊक असते. नकार या विषयावर १९१७ साली स्वतंत्र प्रबंध लिहिणारा ओटो येस्पर्सन हा जगद्विख्यात वैयाकरण डॅनिश होता, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. हा शब्द ज्यांच्या घराघरात नांदतो, त्यांना त्या अभ्यासाची सामग्री न्याहारीच्या टेबलावरच मिळत असली पाहिजे. याच धातूपासून 'ऊगीदली' असे एक विशेषणही सिद्ध झाले आहे, आणि ते ज्याला लावले जाते त्याच्या ठायी कोणत्याही कामाविषयी कसलीही उमेद नसते, असे समजावे.

असा शब्द मुळातच कुठल्या तरी सुस्त, जांभया देणाऱ्या कुळात जन्मला असेल, असा तर्क कोणीही करील. परंतु त्याच्या वारसाहक्काची रीतसर चौकशी केली म्हणजे जे दस्तऐवज बाहेर पडतात, ते वाचून चौकशी करणाराच चकित होतो. भाषाकोविदांनी तर्काने ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूपर्यंत हा वंश नेऊन भिडवला आहे, त्याचे रूप 'घेद्' असे काहीसे मानले जाते, आणि त्याचा अर्थ आहे पकडणे, झडप घालणे, हस्तगत करणे. या धातूची एक शाखा लॅटिन भाषेत गेली, मध्ये एक अनुनासिक घेऊन आणि मागे एक उपसर्ग जोडून तिथे तिने 'प्रेहेन्देरे', म्हणजे पकडणे, हे क्रियापद संपादन केले, आणि लूट व शिकार या अर्थाचा 'प्राएदा' हा शब्दही तिनेच दिला. फ्रेंचांच्या मध्यस्थीने याच शाखेतून इंग्रजीत प्रिझन म्हणजे तुरुंग आला, विद्या पकडू पाहणारा तो अप्रेंटिस आला, आणि एखादे मोठे काम हाती धरणे या अर्थाचा एंटरप्राइज आला. रेल्वेच्या कारखान्यात तेलकट कपड्यांनी राबणारा आपला अप्रेंटिस, किंवा तालुक्याच्या गावी दोन खणांच्या दुकानावर ठळक अक्षरांत 'एंटरप्रायझेस' अशी पाटी लावून पहाटे सहाला फळ्या उघडणारा आपला व्यापारी, यांना जर कोणी सांगितले की तुमच्या नावाचे एक सगोत्र क्रियापद बाल्टिक समुद्राच्या काठी गेली कित्येक शतके पाय पसरून बसले आहे आणि उठायला तयार नाही, तर त्यांचा त्यावर विश्वास बसणार नाही.

उत्तरेकडे गेलेल्या शाखेने जुन्या नॉर्स भाषेत 'गेता' असे रूप धारण केले. हा 'गेता' मोठा कर्तबगार होता. मिळवणे हा त्याचा मुख्य व्यवसाय. त्याखेरीज अपत्ये उत्पन्न करणे, एखाद्या गोष्टीचा उल्लेख करणे, अटकळ बांधणे आणि 'शकणे' अशी अनेक खाती तो एकटा सांभाळीत असे. आणि ज्या दर्यावर्दी लोकांच्या तोंडी तो होता, त्यांची मिळवण्याची पद्धत पाहता 'झडप घालणे' या मूळ अर्थापासून तो फार दूर गेला होता, असेही म्हणता येत नाही. पुढे एकत्र कुटुंबातल्या भावांचे जसे होते तसे या घराण्याचे झाले. एक भाऊ व्हायकिंगांच्या जहाजावर बसून इंग्लंडला गेला. तिथे 'फर्गेट', 'बिगेट' अशा सामासिक नावांनी काही चुलते आधीपासून राहत होतेच, त्यांपैकी पहिल्याचा मूळ अर्थ पकड सुटणे असा दिसतो. परंतु या नव्या भावाने परमुलखात पाऊल ठेवले आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावर असा काही पसारा मांडला की इंग्रज मनुष्य आज त्याच्यावाचून अंथरुणातून उठत नाही, गाडीत चढत नाही, लग्न करीत नाही, आजारी पडत नाही आणि बराही होत नाही. इंग्रजी कोशात 'गेट' या नोंदीने रकानेच्या रकाने व्यापले आहेत, आणि शाळेतल्या मास्तरांनी हा शब्द निबंधात वापरू नका म्हणून कितीही बजावले, तरी त्याचा राबता कमी झालेला नाही.

दुसरा भाऊ आइसलँडला गेला, आणि तिथे वाडवडिलांच्या वहिवाटीतले 'शकणे' हे कलम त्याने विशेष निष्ठेने सांभाळले. आइसलंडी मनुष्य आजही 'गेता' वापरतो तो मुख्यतः 'मला अमुक करता येते' अथवा 'येत नाही' एवढे सांगण्यासाठी. तिसरा भाऊ मात्र घरीच राहिला. समुद्र ओलांडण्याची यातायात नाही, नव्या लोकांत मिसळण्याची दगदग नाही, पिढीजात घर, समोर ओळखीचा समुद्र. अशा स्थितीत त्याचे एकेक खाते कसे सुटत गेले ते पाहण्यासारखे आहे. मिळवण्याचे काम त्याने दुसऱ्या क्रियापदांकडे सोपवले. अपत्योत्पादनाचे खाते बंद झाले. अटकळ बांधण्यासाठी एक वेगळा नातेवाईक नेमण्यात आला. उरले 'शकणे', आणि त्याचीही हळूहळू झीज होऊन 'मनाला तिथवर नेता येणे' असा अर्थ झाला, आणि तिथून 'मन होणे' हे अंतर काही फार नव्हते. इंग्लंडातला भाऊ सोळा तास खपतो, आणि घरचा भाऊ 'ते माझ्याने होईल, पण होणार नाही' असे म्हणून कूस बदलतो. दोघांच्या सातबाऱ्यावर मूळ पुरुषाचे नाव मात्र एकच.

म्हणजे आइसलंडी भाषेत ज्या धातूने 'जमत नाही' असे सांगावे, त्याच धातूने डॅनिश भाषेत 'जिवावर येते' असे सांगावे, अशी ही अवस्था आहे. आइसलँड १९४४ साली प्रजासत्ताक झाले. तत्पूर्वी कित्येक शतके तिथला कारभार कोपनहेगनहून चालत असे, आणि त्या दीर्घ काळात एखाद्या गरीब आइसलंडी रयतेने सारा भरणे जमत नाही म्हणून केलेल्या दरखास्तीचा डॅनिश दप्तरातल्या कारकुनाने कोणता अर्थ लावला असेल, या कल्पनेने मी कित्येकदा स्वतःशीच हसलो आहे. स्वीडिश लोकांनी ही भानगडच ठेवली नाही. त्यांच्याकडेही 'गित्ता' नावाचा एक सपिंड होता, पण त्याला बहुतेक ठिकाणी निवृत्त करून ते 'ऑर्का' हे क्रियापद वापरतात, आणि त्याचे नाते 'काम' या शब्दाशी आहे. काम टाळताना स्वीडिश मनुष्य माझी शक्ती संपली असे म्हणतो. त्यात एक प्रकारची सभ्यता आहे. डॅनिश मनुष्याची शक्ती संपलेली नसते, आणि ती संपली असे तो म्हणतही नाही.

अशक्तता कुठे संपते आणि अनिच्छा कुठे सुरू होते, ही हद्द कोणत्याच भाषेच्या भूमापनखात्याला नक्की करता आलेली नाही. आपल्या व्याकरणकारांनी ज्याला शक्यक्रियापद म्हटले आहे, त्याचाच दाखला घ्या. 'मला उठवत नाही' हे वाक्य विषमज्वरातून नुकताच उठलेला रुग्ण उच्चारतो, आणि रविवारी सकाळी दहा वाजता पांघरुणातून तोंड बाहेर न काढणारा त्याचा धडधाकट भाचाही तेच वाक्य, त्याच प्रत्ययासह, त्याच करुण स्वरात उच्चारतो. मामींना कोणाला चहा नेऊन द्यायचा आणि कोणाचे पांघरूण ओढायचे, हे व्याकरणाच्या साह्यावाचून ठरवावे लागते. शिवाय या रचनेत कर्ता 'मी' नसून 'मला' असतो. न उठण्याची क्रिया बाहेरून येऊन त्याच्यावर कोसळलेली आहे, तो बिचारा केवळ तिचे अधिष्ठान! 'कंटाळा येतो' असे आपण म्हणतो तेव्हाही तो कुठून तरी, न बोलावता, आपल्या दारी आलेला असतो. डॅनिश वाक्यात ही सोय नाही. तिथे 'याय' म्हणजे साक्षात् प्रथमेतला 'मी' उभा असतो आणि आपल्या आळसाची कबुली तो स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी देतो.

आता या वंशावळीत एक ध्वनिविषयक चमत्कार आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे माझ्याने होत नाही. संस्कृताने जपलेला मूळचा 'द' जर्मानिक भाषांच्या हद्दीत शिरताना 'त' होऊन जातो, असा नियम आहे. तसा 'घेद्'चा 'गेता' झाला. आपला 'पद्' तिकडे जाऊन नॉर्समध्ये 'फोत्र' झाला, खाणे या अर्थाचा 'अद्' जाऊन 'एता' झाला, जाणणे या अर्थाचा 'विद्' जाऊन 'विता' झाला. दीड हजार वर्षांहून अधिक काळ हा 'त' सर्वांनी नेटाने उच्चारला. इंग्रज अजून उच्चारतात, स्वीडिश उच्चारतात, आइसलंडी लोक तर प्राणपणाने उच्चारतात. मध्ययुगात केव्हातरी डॅनिश लोकांना मात्र स्वरानंतर येणारा हा कठोर 'त' जड होऊ लागला, त्यांनी तो सैल सोडला, आणि सैल सोडताच तो गडगडत पुन्हा 'द'पाशी येऊन थांबला. परिणाम असा की डॅनिश भाषेत पायाला आज 'फोद' म्हणतात, जनावरांसारखे खाणे म्हणजे 'एदे', आणि 'मला ठाऊक आहे' याला 'याय वेद'. संस्कृतातही 'अहं वेद' म्हणजे 'मला ठाऊक आहे'. वेदकालीन ऋषीला आणि कोपनहेगनच्या बसवाहकाला स्वतःच्या ज्ञानाविषयी बोलताना एकच रूप वापरावे लागते; एक घनपाठ घोकून तिथवर टिकून राहिला, आणि दुसरा निव्वळ जिभेच्या आळसाने तिथे परत आला.

हे सारे हुडकून काढणारी माणसे कोण होती, हेही पाहिले पाहिजे. 'त' आणि 'द' यांच्या या अदलाबदलीची पहिली सुसंगत मांडणी १८१८ साली रास्मुस रास्क याने छापली. तो डॅनिश होता. पुढे चार वर्षांनी याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने तीच गोष्ट सविस्तर मांडली, आणि नियमाला नाव ग्रिमचे पडले. आपल्या नावाने नियम नोंदवून घेण्याच्या खटपटीत रास्क पडला नाही. तो त्या वेळी रशिया, इराण अशी मजल दरमजल करीत १८२० साली चक्क आमच्या मुंबईत येऊन पोचला होता, पारशी मंडळींकडून अवेस्ताच्या पोथ्या मिळवीत होता, आणि पुढे सिंहलद्वीपापर्यंत जाऊन १८२३ साली तो त्या पोथ्यांचे भेंडोळे घेऊन मायदेशी परतला. 'घेद्' या धातूचा मूळ अर्थ ज्याच्या अंगी पुरता मुरला होता, असा तो डॅनिश पुरुष म्हणावा लागेल. पण अशी माणसे पंचेचाळीस वर्षेही जगत नाहीत, आणि रास्कही जगला नाही.

याच्या उलट कार्ल वेर्नर हा दुसरा डॅनिश भाषापंडित. ग्रिमच्या नियमाला काही अपवाद होते, आणि त्यांनी युरोपातल्या भल्या भल्या पंडितांची झोप उडवली होती. वेर्नरला मात्र त्यांचे उत्तर झोपेच्या आराधनेत सापडले, आणि ही हकीकत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. आरहूस गावी राहत असता एके दिवशी प्रकृती ठीक नाही म्हणून दुपारच्या जेवणानंतर तो आडवा झाला, आणि झोप यावी म्हणून त्याने फ्रान्त्स बोप याच्या तौलनिक व्याकरणाचा एक खंड हाती घेतला. (झोपेसाठी ग्रंथ निवडण्यातही केवढी विद्वत्ता!) पान उघडले ते नेमके 'पितर्' आणि 'भ्रातर्' या शब्दांचे. एका शब्दात वैदिक स्वराघात शेवटच्या अवयवावर आहे, दुसऱ्यात पहिल्या. आणि जर्मानिक भाषांत या दोन शब्दांतले व्यंजन भिन्न होते, ते याच कारणाने, हे त्याला पडल्या पडल्या दिसले. १८७७ साली छापून निघालेल्या त्या निबंधाने भाषाशास्त्राला नवी शिस्त लावली. त्यानंतर वेर्नरने फारसे काही प्रसिद्धच केले नाही. विद्यापीठे वाट पाहत राहिली, पण लिहिणे त्याच्या जिवावर येत असे, आणि त्यासाठी त्याच्या मातृभाषेत किती नेमके क्रियापद उपलब्ध होते ते आपण पाहिलेच आहे. आणखी गंमत अशी की 'पिता' आणि 'भ्राता' यांच्या ज्या व्यंजनांचा भेद त्याने एवढ्या सूक्ष्म दृष्टीने उलगडला, ती दोन्ही व्यंजने डॅनिश लोक रोजच्या बोलण्यात गाळूनच टाकतात: बाप म्हणजे 'फार', भाऊ म्हणजे 'ब्रोर', आणि प्रश्न मिटला.

कोशांची कहाणीही याच वळणाची आहे. इसवी सन १७०० च्या सुमारास मातियास मोट या अधिकाऱ्याने डॅनिश भाषेचा प्रचंड कोश हस्तलिखित करून ठेवला, आणि तो शतकानुशतके ग्रंथालयात पडून राहिला. छापण्याचे कोणी मनावर घेतले नाही. मग राजमान्य विद्वत्सभेने स्वतःचा कोश काढला. त्याचा पहिला खंड १७९३ साली निघाला आणि आठवा व शेवटचा १९०५ साली. मधल्या एकशे बारा वर्षांत फ्रान्समध्ये नेपोलियन आला आणि गेला, रेल्वे निघाली, तारायंत्र निघाले, आणि पहिल्या खंडातले शब्द म्हातारे झाले. क्रिस्टियान मोल्बेक नावाच्या एका गृहस्थाला हा वेग सोसवला नाही, आणि त्याने १८३३ साली स्वतःचाच कोश छापून टाकला. पुढे १९१८ पासून १९५६ पर्यंत अठ्ठावीस खंडांचा जो महाकोश तयार झाला, त्यात आपल्या नायकाची कैफियत यथासांग नोंदलेली आहे. आळसाच्या एका शब्दाची नोंद नीट व्हावी म्हणून किती माणसांनी किती वर्षे आळस टाकला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

एवढ्यावरून हा शब्द केवळ उर्मटांच्या उपयोगाचा आहे, असा ग्रह होऊ नये. 'जरा दार लावतोस का?' अशी घरगुती विनंती करायची असली तरी डॅनिश लोक हेच क्रियापद पुढे करतात: दार लावण्याइतकी तुझ्या ठायी उमेद आहे काय, अशी पृच्छा करतात. याहून शहाणपणाची विनंती मला ठाऊक नाही. कारण 'लावशील का' असे विचारणाऱ्याला केवळ सामर्थ्याची किंवा भविष्याची ग्वाही मिळते, आणि दार उघडेच राहते.

शिवाय या क्रियापदाच्या भूतकाळी रूपाला, म्हणजे 'गाद' याला, एक होकारार्थी आयुष्य आहे. ते घडून गेलेल्या गोष्टी सांगत नाही, तर इच्छा सांगते: मला अमुक मिळाले तर हवे आहे, तमुक केले तर आवडेल. इच्छा दर्शवण्यासाठी भूतकाळ योजण्यात फार मोठा धोरणीपणा आहे, कारण भूतकाळात उठून कोणाला काही करावे लागत नाही. या 'गाद'ची सर्वांत घट्ट जोडी जमली आहे ती 'वीदे' या क्रियापदाशी, म्हणजे आपल्याच 'विद्'शी. 'गाद वीदे' असा हा संसार असून त्याचा अर्थ 'जाणून घ्यावेसे वाटते', 'कोण जाणे' यांच्या मधला आहे. बोलणारा बहुधा कर्ताही उच्चारत नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी, बाहेर चार वाजताच काळोख पडलेला असता, कोपनहेगनमधला गृहस्थ दिव्याखाली पाय लांब करून म्हणतो, "गाद वीदे, पाऊस पडतोय का?" पत्नी पुस्तकातून डोके वर न काढता सांगते की खिडकी तुझ्या पाठीमागेच आहे, पडदा सारून बघ. त्यावर तो गृहस्थ जे उत्तर देतो, त्यात त्याच क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप असते.